मधला प्लग

पाचगावच्या चढाला काटा लालात गेला
तेव्हा व्हॅनमध्ये नऊ मुलं होती,
त्यातलं एक झोपलेलं.
सीटखालचं इंजिन मांड्यांना चटके देत होतं.
मी गाडी कडेला घेतली आणि हसले.
मुलांसमोर हसावं लागतं.
यशोवर्धननं आपली बाटली पुढं केली,
"मावशी, हिला तहान लागलीय."

उद्यमनगरात दोन लेथवाल्यांच्या मधल्या बोळात
बाबालाल मुजावरांचं गॅरेज.
त्यांनी आधी गाडी नाही, मला बघितलं.
"पाणी किती पितीय?"
"कमीच."
"कधीपास्नं?"
"आजच झालं."
त्यांनी पोराला चहा आणायला पाठवलं.

झाकणाला हात लावू दिला नाही.
त्यांच्या डाव्या हाताची कातडी
मनगटापासून कोपरापर्यंत वेगळ्याच रंगाची आहे.
"विसाव्या वर्षी घाई केलती,"
एवढंच म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

मग होज दाबून बघितले, क्लिपा फिरवल्या,
वॉटर पंपाखालनं बोट फिरवून हुंगलं.
पंखा वेळेवर सुरू होत होता.
रात्री गाडी ठेवून घेतली,
खाली बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून.
सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत,
त्यावरचं छापील अक्षरसुद्धा फुगलेलं नाही.

"खाली थेंब न्हाई. मग वहिनी,
पाणी जातंय कुटं?"
मी गप्प.
"कधीपास्नं?" हे तिसऱ्यांदा.

दिवाळीपासून, मी सांगितलं.
रोज पहाटे पाचला, घर झोपेत असताना,
एक तांब्या. पुढं दोन.
आधी हिरवं कुलंट, मग परवडेना म्हणून नळाचं.
घरी बोलले नाही,
कारण गाडी घेऊ नको म्हणणारे सगळे
घरीच होते.
सायलेन्सरमधनं पांढरा धूर यायचा, गोडसर.
मला वाटायचं, कुठंतरी गुऱ्हाळ लागलंय.
हंगामच होता.
खरं म्हणजे वाटायचं नाही,
वाटून घ्यायचे.

बाबालालनी सीट उचलली.
तिन्ही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले.
पहिला काजळलेला. तिसराही.
मधला लख्ख,
चिंचेनं घासून ठेवलेल्या निरांजनासारखा.
मला तोच आवडला.

"ह्योच," ते म्हणाले.
"कामावर जाऊन जो एवढा स्वच्छ परत येतोय,
त्याच्या घरात पाणी शिरलेलं असतंय."

मग रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण उघडंच ठेवलं,
आणि मला म्हणाले, मारा स्टार्टर.
थंड पाण्याला उकळी फुटली.
एकामागून एक बुडबुडे,
तळातून कुणी काही सांगू पाहावं
आणि तोंडापर्यंत येऊन फुटावं, तसे.

दुपारी हेड उतरलं.
गॅसकेटवर जळकी रेघ,
जोंधळ्याच्या दाण्याएवढी जागा खाल्लेली.
तेवढ्यातनं पाच महिने
माझे तांबे आत चालले होते.
हेडवर पोलादी पट्टी आडवी धरून
त्यांनी ते उजेडासमोर केलं.
पट्टीखालून केसभर उजेड दिसला.
"वाकलंय. पहिल्या आठवड्यात आला असता तर
नुसतं गॅसकेट गेलं असतं."
रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

शेजारी सर्फेस मारून घेतला.
साडेसात हजार, दोन हप्त्यांत.
तीन दिवस मुलं रिक्षानं गेली,
यशोवर्धन म्हणे, रिक्षाला तहान लागत नाही.

चौथ्या पहाटे सवयीनं उठले,
तांब्या भरला, झाकण उघडलं.
पाणी काल होतं तिथंच,
हिरवं, हललंसुद्धा नव्हतं.
मी तशीच उभी.
मागून दार वाजलं,
"एवढ्या पहाटे तांब्या घेऊन काय करतीयास?"

प्लग अजून माझ्या पर्समध्येच होता.
मी तिथनंच सुरुवात केली.